मधल्या फळीचा पैलवान: मुंबईत राहून फडावर पोट भरतं का?

शड्डू :
गदा उचललेल्या मल्लांवर ढीगभर लिहिलं जातं. पण गावोगावच्या फडावर, म्हणजे जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात, पाचव्या, सातव्या, दहाव्या नंबरची कुस्ती धरणारा जो गडी असतो, ज्याच्यावाचून मैदान उभंच राहत नाही, त्याच्या धंद्याचं गणित कुणी मांडत नाही. लालबाग-परळ, जोगेश्वरी, कांदिवली, कल्याण या भागांतल्या तालमींत अशी बरीच मुलं आहेत. वय अठरा ते पंचवीस, वजन पंच्याहत्तर ते नव्वद, मेहनत पक्की. महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात वरपर्यंत जातील असं नाही, पण कुस्ती सोडणारही नाहीत. जोड कशी लागते, पैसे कसे मिळतात, अंग किती वर्षं साथ देतं, हे जाणकारांनी नेमकं लिहावं. परंपरेचं कौतुक इतर धाग्यांवर भरपूर झालंय, इथे कामाचं येऊ द्या.

आगरी पट्टा :
मुंबईच्या पैलवानाला सगळ्यात जवळचे फड म्हणजे ठाणे-रायगडची आगरी-कोळी गावं. कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, पनवेल, उरण. माघापासून वैशाखापर्यंत गावदेवीच्या जत्रा चालतात आणि जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. लोकलने जाऊन रात्री घरी परतता येतं, मुक्कामाचा खर्च नाही. सांगली-सातारा-कोल्हापूरकडे इनामं मोठी, पण समोरचा गडीही तसाच येतो.

जोड दोन प्रकारे लागते. वरच्या काही कुस्त्या आधीच ठरतात. यात्रा कमिटीचा माणूस नाहीतर कुस्त्या जोडणारा मधला माणूस वस्तादांना फोन करतो, समोर कोण आणि इनाम किती ते ठरतं, मग नावं फ्लेक्सवर जातात. बाकीच्या कुस्त्या फडावरच जोडतात. दुपारी पैलवान कमिटीपुढे उभे राहतात, जाणती माणसं उंची, मान, खांदे बघून दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. लहान पोरांच्या नारळाच्या आणि रेवड्यांच्या कुस्त्या आधी होतात, मग शेकड्यांच्या, मग हजारांच्या. शेवटच्या कुस्त्या मोठ्या मैदानांत लाखांत जातात, पण मधल्या फळीने हिशोब हजारांतच करावा.

हात देण्याआधी चार गोष्टी विचारून घ्यायच्या. कुस्ती निकाली (चीत होईपर्यंत) आहे की वेळेची (ठरल्या वेळात सोडवायची)? बरोबरीत सुटली तर निम्मं-निम्मं मिळणार की काहीच नाही? इनामातून काही कापून घेणार का? हरलेल्याला निदान वाटखर्च आहे का? हे सगळं वस्तादांनी विचारावं, पैलवानाने स्वतः घासाघीस करू नये. एकदा हात दिला की माघार घेता येत नाही. घेतली तर पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात कुणी जोड देत नाही.

शड्डू :
पैशाचा हिशोब जरा उलगडून सांगाल का? मुलांच्या घरचे पहिला प्रश्न हाच विचारतात.

आगरी पट्टा :
नमुना मांडतो, आकडे आपापल्या भागाप्रमाणे बदलून घ्या. समजा हंगामात २४ कुस्त्या मिळाल्या आणि सरासरी इनाम २,५०० रुपये. बारा जिंकल्या, त्याचे ३०,०००. सहा बरोबरीत सुटल्या, निम्म्याने ७,५००. सहा हरल्या, शून्य. एकूण ३७,५००. यातून प्रवास आणि वस्तादांचा, तालमीचा मान वजा करा.

आता खुराक. रोज तीन लिटर दूध ७० रुपयांनी धरलं तर महिन्याला ६,३००. शंभर ग्रॅम बदाम किलोला ९०० रुपयांनी, २,७००. सहा अंडी सात रुपयांनी, १,२६०. झाले १०,२६०, आणि यात तूप, मटण, फळं, घरचं जेवण धरलेलंच नाही. वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे फडावरची कमाई नुसता खुराकही भागवत नाही. गिरणगावात पूर्वी हा फरक गिरणीचा पगार भरून काढायचा. पाळी संपली की तालीम, जत्रेला गावाकडे जाऊन कुस्ती. १९८२च्या संपानंतर तो आधारच गेला. आज ती जागा माथाडी काम, सुरक्षा रक्षकाची नोकरी नाहीतर जिममधली शिकवणी घेते. यातलं रात्रपाळीचं काम शक्यतो टाळावं. रात्रभर हॉटेलच्या दारात उभं राहून पहाटे जोर मारले की आधी गुडघे बोलतात, मग वजन उतरतं.

लाल माती :
हिशोब बरोबर आहे, पण एक भर. मधल्या फळीची कमाई जिंकण्याइतकीच पाठ न लागण्यावर, म्हणजे चीत न होण्यावर चालते. ज्याला सहज चीत करता येत नाही त्याला वरच्या नंबरची जोड मिळते, कारण कमिटीला वीस मिनिटं रंगणारी कुस्ती हवी असते. म्हणून अशा पैलवानाने मान, मनगटाची पकड आणि खाली बसल्यावरचा बचाव यांवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. डाव दोन-तीनच, पण हुकमी. एकेरी पट काढून (समोरच्याचा एक पाय धरून) मागे जाणं आणि तिथून घिस्सा (मागून जांघ्या धरून उलटवण्याचा डाव), एवढं ज्याचं घट्ट आहे तो फडावर उपाशी राहत नाही. ढाक, कलाजंग हे फेकण्याचे डाव बघायला देखणे, पण चुकले की स्वतःची पाठ लागते.

आणि नुरा कुस्तीपासून लांब राहा. दोघांनी आधीच ठरवून बरोबरीत सोडवायची आणि निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं, हा प्रकार जाणत्या प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळतो. खडाखडी (उभ्याने हातांची झटापट) खूप, पण पटात कुणी शिरतच नाही. एकदा असं नाव झालं की जोडणारे फोन करायचं बंद करतात.

कांदिवली गादी :
वरचं सगळं मान्य. तरी वीस वर्षांच्या मुलाला फडाच्या नादाला लावणं मला पटत नाही. नोकरीच्या अर्जाला जत्रेतली चांदीची गदा चालत नाही, चालतं ते मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, शिवाय रेल्वे, पोलीस, सेनादल. पण ही सगळी दारं गादीवरून, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीतून उघडतात. मुंबईचंच उदाहरण घ्या. जोगेश्वरीत वाढलेला, कांदिवलीच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात घडलेला नरसिंग यादव २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि २०१५च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलोत त्याने कांस्यपदक घेतलं. पाया गादीचा होता.

गादीचे नियम फडावरच्या मुलांना नीट समजावून सांगावे लागतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंद. खाली आणून ताबा घेतला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की एक, फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. वर्तुळाचा व्यास नऊ मीटर. मातीत सवय असते धीराने मान दाबत राहायची. इथे तसं केलं की पंच आधी निष्क्रियतेची ताकीद देतात, तरी तसंच चाललं तर तीस सेकंद लावतात आणि त्यात कुणीच गुण घेतला नाही तर एक गुण समोरच्याला जातो. मातीतला पैलवान गादीवर बहुधा अशा फुकटच्या गुणांनी हरतो, ताकद कमी पडून नाही.

लाल माती :
आणि गादीचा मुलगा मातीत कसा हरतो तेही सांगू दे. पहिलं कारण पाठ. गादीवर खांदे टेकवून पंचाला ताबा दिसेपर्यंत धरावं लागतं. मातीत क्षणभर दोन्ही खांदे लागले की संपलं, हलगी थांबते. गादीवरची मुलं डाव फिरवताना स्वतःच्या पाठीवरून बिनधास्त लोळतात, तीच सवय फडावर घात करते. दुसरं, जांघ्याची पकड. गादीवर कपडा धरायला बंदी, मातीत घिस्सा आणि मोळी या डावांना मागून लांग (जांघ्याची मागची कड) धरली जाते. ज्याला ती पकड सोडवायचा सराव नाही तो गुडघ्यावर आला की अडकला. तिसरं, दम. सहा मिनिटांच्या तयारीचा गडी दहाव्या मिनिटाला तोंड उघडून श्वास घ्यायला लागतो, आणि मातीतला कसलेला पैलवान नेमकी त्याचीच वाट बघत असतो.

त्यामुळे दोन्ही हवं. महाराष्ट्र केसरीतही माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता हेच शेवटी भिडतात. श्रावणापासून दिवाळीपर्यंत गादी, जत्रा सुरू झाल्या की माती, असा वर्षाचा मेळ बसतो.

शड्डू :
मुंबईत मातीचा हौद राखणंच अवघड झालंय. पावसाळ्यात माती अक्षरशः चिखल होते. त्यावर काय करतात?

लाल माती :
परळ-लालबागसारख्या सखल भागात पाणी वरून येत नाही, खालून पाझरतं. म्हणून हौदाच्या तळाशी विटांचे तुकडे आणि वाळू यांचा थर हवा, त्यावर चाळलेली तांबडी माती निदान दोन-अडीच फूट. माती थेट जमिनीवर टाकली की जूनच्या अखेरीस खालचा थर गच्च होतो आणि वर भेगा पडतात.

मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर, काव (गेरू) घालतात. प्रत्येक तालमीचं प्रमाण वेगळं, पण तेल आणि ताक एका दिवशी ओतू नका, गोळे होतात. ताक शिंपडायचं, फावड्याने उलथायचं, दोन दिवस मुरू द्यायचं, मग तेल. रोज पहाटे लढतीआधी पूर्ण हौद खणून उलथलाच पाहिजे. पायाखाली घट्ट झालेली माती सिमेंटपेक्षा फार बरी नसते, खांदा तिथेच निखळतो. ओल बघायची रीत सोपी: मूठ आवळा, गोळा व्हायला हवा, आणि अंगठ्याने टोचलं की सुटायला हवा. सुटला नाही तर पाणी जास्त, पाय घसरून गुडघा पिरगळणार. गोळाच झाला नाही तर धूळ उडणार, डोळे चुरचुरणार आणि कोपर सोलणार.

परळचा डॉक्टर :
अंगाचा विषय निघालाच आहे तर लिहितो, कारण मधल्या फळीची कारकीर्द बहुतेकदा हरण्याने संपत नाही, दुर्लक्ष केलेल्या दुखण्याने संपते.

कान. घासून आणि दाबून बाहेरच्या कानात रक्त साकळतं, कान गरम आणि मऊ लागतो. पहिल्या काही दिवसांत ते काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. उशीर झाला की आतली कूर्चा आक्रसून कान कायमचा फुटतो. तालमीत सुईने टोचून रक्त काढायचं नाही, जंतू कूर्चेत गेले तर कान गळून बसतो. केईएम किंवा सायन रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात हे काम सहज होतं. पट्टी निघाल्यावर निदान दोन आठवडे लढत बंद, नाहीतर रक्त परत भरतं. फुटलेला कान ही पैलवानाची खूण म्हणून मिरवतात, त्याला माझी हरकत नाही. पण भोक बंद झालं की ऐकू कमी येतं, हे मुलांना आधी सांगा.

नायटा. मुंबईच्या दमट हवेत हा तालमीचा सगळ्यात मोठा शत्रू. मेडिकलमध्ये मिळणारं स्टेरॉइडमिश्रित मलम लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, आणि महिन्याभरात तोच नायटा दुप्पट पसरतो, औषधालाही दाद देत नाही. त्वचारोग डॉक्टरांकडून नुसतं बुरशीवरचं औषध घ्या आणि डाग गेल्यावरही ते सांगतील तेवढे दिवस चालू ठेवा. लंगोट रोज धुऊन कडक उन्हात, एकमेकांचा वापरायचा नाही. गादीचं रेक्झिन रोज जंतुनाशकाने पुसा.

गुडघा. पिरगळल्यावर 'कट्' असा आवाज आला आणि काही तासांत सूज भरली तर लिगामेंट गेल्याचा संशय धरायचा. मालीश करून जत्रेला पळायचं नाही. लिगामेंटशिवाय आणखी एक हंगाम ओढला की आतली गादी फाटते आणि मग शस्त्रक्रियेनंतरही पूर्वीचा गुडघा परत मिळत नाही.

आणि सुया. फडावर उत्तेजक चाचणी होत नाही म्हणून मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं सर्रास घेतली जातात. हे औषध शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तदाब सावरण्यासाठी असतं. उन्हात, पाणी कमी प्यालेल्या अंगात ते घेऊन वीस मिनिटं झुंजायचं म्हणजे हृदयाशी खेळ. स्टेरॉइडचं वेगळंच: जत्रेसाठी घेतलेलं पुढे कित्येक महिने लघवीत सापडू शकतं, म्हणजे एप्रिलच्या फडासाठी घेतलेली सुई ऑक्टोबरच्या स्पर्धेत बंदी आणते. कांदिवली गादी यांनी सांगितलेल्या नोकरीची वाट तिथेच बंद होते.

खुराक :
वर खर्च आला, आता मापाचं. ८५ किलोच्या पैलवानाला किलोमागे १.८ ग्रॅम धरलं तर दिवसाला साधारण १५० ग्रॅम प्रथिनं लागतात. तीन लिटर म्हशीच्या दुधातून शंभरच्या आसपास, सहा अंड्यांतून छत्तीस, शंभर ग्रॅम बदामातून एकवीस. झालं. यावर वेगळ्या पावडरीचा डबा घ्यायची गरज नाही, तो पैसा फळांवर आणि मटणावर घालवा.

थंडाईसाठी बदाम रात्री भिजत घालायचे, सकाळी सोलून खसखस, बडीशेप, वेलची आणि चार मिरे घालून कुंडीत घोटायचे. मिक्सरमध्ये रवाळ राहतं आणि पोटात जड पडतं. मेहनत संपल्यावर लगेच नाही, घाम जिरल्यावर, अर्ध्या तासाने.

फडाच्या दिवशी गावात पाहुणचार म्हणून तूप-मटणाचं ताट पुढे येतं. नम्रपणे नाही म्हणा. कुस्ती चार वाजता असेल तर जड जेवण सकाळी दहाच्या आत. मग केळी, मीठ-साखरेचं पाणी, लागलंच तर थोडा भात-दूध. मोठ्या नंबरच्या कुस्त्या दिवेलागणीपर्यंत लांबतात, तोवर पोट रिकामं ठेवून बसू नका. कोल्हापूरकडे जाणार असाल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने आदल्या रात्री नव्हे, त्याच्याही आदल्या रात्री निघा. रात्रभर बसून आखडलेली कंबर घेऊन पटात शिरता येत नाही.

वरळी :
धंदेवाईक कुस्ती म्हटल्यावर मुंबईचा दुसरा अध्याय राहूनच गेला. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर फ्रीस्टाइलचे खेळ भरायचे, म्हणजे निकाल आधीच ठरलेली तमाशावजा कुस्ती, गादीवरची फ्रीस्टाइल नव्हे. दारासिंग, आणि किंगकाँग या नावाने गाजलेला एमिल चाया. २९ मे १९६८ला दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला मुंबईतच हरवलं. पण या खेळांच्या फलकावर खालच्या ओळीत छापलेल्या देशी-परदेशी मल्लांवर सगळा डोलारा उभा असायचा. गावोगाव फिरायचं, मुख्य मल्लाला मोठं दिसू द्यायचं आणि समोरच्याला इजा न करता लोकांना खिळवून ठेवायचं, हे त्यांचं काम.

निकाल ठरलेला असला तरी पडणं खरंच असतं. मागे पडताना हनुवटी छातीला चिकटवायची म्हणजे डोकं आपटत नाही. पाठीचा वरचा भाग सपाट लावायचा, हात अंगापासून थोडे दूर ठेवून तळव्यांनी फळीवर थाप द्यायची आणि त्याच क्षणी श्वास सोडायचा. हात मागे टेकला की मनगट मोडतं. रिंगणाखाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, पातळ गादी आणि कॅनव्हास असतो, बस्स. रोज रात्री अशी पडझड, म्हणून या मल्लांची मान आणि कंबर चाळिशीत थकते.

लाल माती :
माहिती चांगली आहे, वरळी. मुलांना मात्र दोन्ही वेगळं दाखवा. मातीत समोरचा तुम्हाला सांभाळून पाडत नाही.

शड्डू :
दोन शंका आहेत. वजन कमी करून खालच्या गटात खेळावं का? आणि मुलींसाठी फड आहेत का?

कांदिवली गादी :
वजन: दोन-अडीच किलोपर्यंत ठीक, तेही दहा-बारा दिवसांत जेवणातून. आता ज्या दिवशी गट खेळवतात त्याच सकाळी वजन होतं आणि कुस्त्या दुसऱ्या दिवशी गेल्या तर त्या सकाळी पुन्हा. प्लास्टिकचे कपडे घालून पाणी काढलं तर ते परत भरायला वेळच मिळत नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीत पोचली होती, दुसऱ्या सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरले आणि बाद झाली. तिच्यामागे तज्ज्ञांचा ताफा होता. जत्रेसाठी ८८ झालेल्या मुलाने ७९ किलोत नाव घालू नये, ८६ मध्ये घालावं.

मुली: ठाणे जिल्ह्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात मुलींच्या जोडी आता नियमित लागतात. २०२३ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीची प्रतीक्षा बागडी जिंकली आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर कल्याणची वैष्णवी पाटील होती. मुलींसाठी जोड आधीच ठरवून जा. फडावर ऐन वेळी वजनात दहा-दहा किलोंचा फरक असलेली जोड लावतात, तिथे वस्तादांनी ठाम नकार द्यावा.

आगरी पट्टा :
कागदांचं राहिलं. शालेय, विद्यापीठ आणि संघटनेच्या स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं, त्या वर्षाचं निकालपत्रक आणि प्रवेशअर्जाची प्रत एकाच फायलीत ठेवा. नोकरीच्या अर्जाआधी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. नावात आडनाव-वडिलांचं नाव मागेपुढे झालं असेल, वजनगट खोडून लिहिला असेल, तर प्रकरण तिथेच अडकतं. स्पर्धेच्या जागीच प्रमाणपत्र वाचून चूक दुरुस्त करून घ्या, वर्षभराने संघटनेतली माणसं बदललेली असतात.

अपघात विमाही काढा, पण पॉलिसीतला अपवादांचा भाग वाचा. बऱ्याच पॉलिसींत धंदेवाईक किंवा धोक्याच्या खेळातली इजा वगळलेली असते. एजंटला 'इनाम घेऊन कुस्ती खेळतो' असं स्पष्ट सांगा आणि उत्तर लेखी घ्या.

शड्डू :
शेवटचा प्रश्न. तालमीत २६ वर्षांचा एक गडी आहे, ८४ किलो, दोन्ही गुडघे ठीक, राज्य स्तरावरचं पदक नाही. त्याने काय करावं?

लाल माती :
फड सोडू नये, कमी करावेत. आठवड्याला एक, तोही ठाणे-रायगडचाच. नारळ-हजाराच्या कुस्त्या पोरांना सोडाव्यात आणि आधी ठरलेल्या जोडीच धराव्यात. उरलेला वेळ लहान गटाला शिकवण्यात घालावा. पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकांसाठीचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम आहे, तो केला की शाळा आणि अकादम्यांत शिकवायला उभं राहता येतं. आणि कुस्ती थांबली की खुराक लगेच थांबवावा. मेहनत बंद आणि तीन लिटर दूध चालू, याने पैलवानांना पस्तिशीत साखर लागते. दूध आधी एका लिटरवर आणा, तूप अर्धं करा, बैठका मात्र रोज शंभर तरी चालू ठेवा.

परळचा डॉक्टर :
बैठका गुडघे दुखत नसतील तरच. नाहीतर पोहणं. दादरच्या तरणतलावाचा मासिक पास काढा.